पाणभुंग्याच्या नावात चंद्रगुप्त

सोलापूरच्या डाळिंबाच्या बागांत एका ग्रीक वक्त्याचं नाव वावरतं. फळ पोखरणाऱ्या अळीचं शास्त्रीय नाव ‘व्हिराकोला आयसोक्रेटिस’. त्यातलं ‘आयसोक्रेटिस’ हे अथेन्सच्या प्रसिद्ध वक्त्याचं नाव फॅब्रिशियसनं १७९३ साली या जातीला दिलं, आणि ‘व्हिराकोला’ हे प्रजातीचं नाव फ्रेडरिक मूरनं १८८१ साली पाडलं. किडामुंगीला इतिहासातल्या थोरांची नावं देण्याची ही रीत कुठवर पोचते, याचा माग काढता काढता मी पाणभुंग्यांपाशी येऊन थबकलो. मूरनंतर एकाच वर्षानं, १८८२ साली, डेव्हिड शार्प या इंग्रज डॉक्टरानं पाणभुंग्यांच्या एका प्रजातीला ‘सँड्राकॉटस’ म्हटलं. सँड्राकॉटस म्हणजे आपला चंद्रगुप्त मौर्य.

आधी भुंग्याविषयी. पाणभुंगे तळ्याडबक्यांत राहतात, पंखांच्या कवचाखाली हवा साठवून बुडी मारतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर रात्री दिव्यांवर येऊन आपटतात. नरांच्या पुढच्या पायांना मादीला धरून ठेवण्यासाठी चूषकं असतात. सँड्राकॉटस हा जेमतेम दीड सेंटिमीटरचा, काळ्या अंगावर पिवळे पट्टे-ठिपके मिरवणारा, देखणा प्राणी. त्यातल्या एका जातीला इलिगरनं १८०१ सालीच ‘फेस्टिव्हस’, म्हणजे सणासुदीचा, असं म्हणून ठेवलं होतं.

या घराण्यातली जुनी नावं पाहिली की शार्पच्या निवडीचं नवल कळतं. कर्टिसचा ‘सायबिस्टर’ (१८२७) म्हणजे डोक्यावर कोलांटी घेणारा. एरिक्सनचा ‘कोपेलेटस’ (१८३२) म्हणजे वल्हं मारणारा. लापोर्तचा ‘एरेटिस’ (१८३३) हाही नावाडीच. बुडणं, पोहणं, वल्हवणं, सगळं पाण्याशी बांधलेलं. त्या नावाड्यांच्या रांगेत अचानक पाटलीपुत्राचा सम्राट कसा येऊन बसला?

ग्रीकांच्या तोंडी चंद्रगुप्त कसा बदलला ते पाहू. स्ट्रेबो, एरियन यांच्याकडे तो ‘सँड्रोकॉटस’. प्लुटार्ककडे पहिलं अक्षर गळून ‘अँड्रोकॉटस’. अथेनियसनं जपलेल्या एका उताऱ्यात ‘सँड्रोकॉप्टस’, ज्यात ‘गुप्त’मधला ‘प्’ अजून ऐकू येतो. ग्रीक राजा सेल्यूकसला पाचशे हत्ती देणारा हा राजा नक्की कोण, हे कोडं विल्यम जोन्सनं १७९३ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात सोडवलं. ग्रीकांचा ‘एरान्नोबोआस’ म्हणजे हिरण्यबाहू, अर्थात शोण नदी, हे त्याला सापडलं. मग त्या नदीकाठचं ग्रीकांचं ‘पालिबोथ्रा’ म्हणजे पाटलीपुत्र ठरलं आणि सँड्रोकॉटस चंद्रगुप्त ठरला. भारताच्या प्राचीन इतिहासाचा कालक्रम या एका ओळखीवर उभा राहिला. त्यामुळे शार्पच्या काळात शिकल्यासवरलेल्या इंग्रजाला हे नाव चांगलंच परिचयाचं होतं.

कुणी म्हणेल, ‘सँड्रा’चा संबंध ग्रीक ‘सांदाराके’शी का नसावा? सांदाराके म्हणजे मनशीळ, तांबूस-पिवळी. भुंग्याच्या अंगावरही पिवळा रंग आहेच. शिवाय ‘कॉटस’ नावाचा एक मासा आहे, लिनियसनं त्याची प्रजातही केली होती. ‘मनशिळी रंगाचा मासा’ असा अर्थ लावता येतो आणि सम्राटाची गरज उरत नाही. पण मला हे पटत नाही. सांदाराकेतल्या ‘द’ आणि ‘र’मध्ये स्वर आहे, तिथून नाव आलं असतं तर ‘सँडाराकॉटस’ झालं असतं. आणि कवचधारी भुंग्याला माशाचं नाव कोण देईल? ‘सँड्रो’चा ‘सँड्रा’ झाला हीच एक अडचण म्हणावी, तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत राजाचं नाव दोन्ही रूपांत लिहिलेलं आढळतं. अख्खा शब्द जसाच्या तसा राजाच्या नावात सापडत असताना त्याचे तुकडे पाडून अर्थ हुडकण्याचं कारण नाही.

शार्पनं हाच राजा का घेतला? माझा तर्क असा: रॉयल डब्लिन सोसायटीनं छापलेल्या १८८२च्या जाडजूड ग्रंथात त्याला जगभरच्या पाणभुंग्यांची मांडणी करायची होती आणि नव्या नावांचा ढीग लागत होता. पूर्वेकडच्या, सोनेरी-काळ्या ऐटीच्या प्रजातीला त्यानं पूर्वेचा राजा दिला. ही प्रजात ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे आणि तिथं मौर्यांचा काही संबंध नाही, हे या तर्कातलं भोक मला दिसतं. तरी तर्क मी सोडत नाही.

आपल्या भागाला तर हे नाव परकं नाहीच. पंढरपूरवरून, सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला जाते. तिथल्या चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारात १९८६ साली कालीच्या मूर्तीखालची शिळा उघडी पडली आणि तिच्यावर अशोकाचे लेख निघाले. चंद्रगुप्ताच्या नातवाचा शब्द आपल्या नदीच्या काठी कोरलेला आहे.

नावं देण्याचं काम आजही चालू आहे. २०१८ साली सायली शेठ, पुण्याच्या मॉडर्न कॉलेजचे हेमंत घाटे आणि प्रागचे यिर्झी हायेक यांनी महाराष्ट्रातल्या ‘कोपेलेटस’चा आढावा घेऊन तीन नव्या जातींचं वर्णन केलं. हे काम डोळ्यांनी रंग बघून होत नाही. पंखांच्या कवचावरच्या रेघा मोजाव्या लागतात, नराचं जननेंद्रिय काढून त्याचा बाक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि जुन्या जातींचे मूळ नमुने ताडून पाहावे लागतात. शार्पच्या संग्रहासाठी नजर लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे वळते. मग एक नमुना मानक म्हणून ठरवायचा, तो संग्रहालयात ठेवायचा आणि नाव छापायचं. नावाचा उगम सांगावा अशी प्राणिनामांच्या नियमावलीची शिफारस आहे, सक्ती नाही. एकदा रीतसर छापलेलं नाव उच्चार सुधारण्यासाठी बदलता मात्र येत नाही. कुणाला उद्या ‘चंद्रगुप्तस’ असं शुद्ध रूप करावंसं वाटलं तरी भुंगा १८८२च्या स्पेलिंगनंच ओळखला जाणार.