काचेवरची काडी

मागच्या पावसाळ्यात आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचा ताप उतरेना. रक्ताच्या रिपोर्टात दोन अनोळखी शब्द आले: 'ब्लास्ट' आणि 'आउअर रॉड'. तो कागद सगळ्या टेबलांवर फिरला, पण कोणालाच उलगडा झाला नाही. मी कला शाखेचा पदवीधर. पण त्या शब्दांच्या मागे लागलो, आणि जे वाचले ते इथे सांगतो.

१८४५ साली एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेटने एका मृत रुग्णाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. त्याला वाटले, रक्तातच पू झाला! त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखोने तसेच रक्त पाहिले. हा पू नव्हे, रक्ताच्याच पांढऱ्या पेशी आहेत, असे त्याचे म्हणणे. १८४७ मध्ये त्याने नाव दिले ल्युकेमिया, म्हणजे पांढरे रक्त.

पण या पेशी जवळजवळ बिनरंगी. त्यांच्यातला फरक दिसायला रंग हवा होता. तो १८७० च्या दशकात पॉल एर्लिखने कापड रंगवायच्या कृत्रिम रंगांतून आणला. पेशींतले कण, केंद्रक उठून दिसू लागले. १९०० मध्ये ऑटो नेगेलीने अस्थिमज्जेतली कोवळी पेशी वेगळी ओळखली आणि तिला मायलोब्लास्ट म्हटले.

१९०६ मध्ये जॉन आउअरने बाल्टिमोरच्या एका तरुण रुग्णाच्या पेशींत दिसलेल्या बारीक काड्यांचे वर्णन छापले. रंगवल्यावर त्या तांबूस दिसतात. मात्र त्याने त्या पेशींना लिम्फोसाइट मानले. आमच्या कारकुनी भाषेत, नोंद अचूक पण हेड चुकीचे! पुढे कळले, ही काडी मायलॉइड कुळाचीच खूण. दिसली नाही म्हणून तो रोग नाही, असे मात्र नव्हे.

हेड चुकले तर औषध चुकते. या रोगाच्या एका प्रकारात काड्यांच्या मोळ्याच दिसतात. त्यात रक्तस्रावाने रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो. म्हणून नुसता संशय आला तरी 'अ' जीवनसत्त्वापासून केलेले औषध लगेच सुरू करतात, जनुकांच्या तपासणीची वाट पाहत नाहीत. वेळेवर उपचार मिळाले तर यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.

आमच्या सहकाऱ्याच्या मुलाचे उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले. कुठल्याशा प्रयोगशाळेत कोणीतरी ती काचपट्टी घाई न करता पाहिली होती. रिपोर्टाखालची ती सही आम्हांला शेवटपर्यंत वाचता आली नाही.