प्रगतिपत्रकाचा नमुना : वऱ्हाडातील शालेय नोंदींचा एक विचार

शाळेने विद्यार्थ्याविषयी काय लिहून ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. अमरावती-अकोल्याकडील एखादी शाळा आज व्यवस्थापनासाठी संगणकप्रणाली घेते, तेव्हा प्रगतिपत्रकाचे अनेक तयार नमुने मुख्याध्यापकापुढे येतात आणि त्यांतील एक त्याला निवडावा लागतो. ही निवड इतिहासाच्या अभ्यासकानेही लक्षपूर्वक पाहावी, असे वाटते. नमुन्यातील प्रत्येक रकान्यामागे शासनव्यवस्थेचा एकेक जुना थर दडलेला असतो. आणि आज जो रकाना गाळला जाईल, त्याविषयी उद्याच्या संशोधकास काहीही सापडणार नाही.

ह्यांपैकी सर्वांत जुना थर दाखल-खारीज पुस्तकाचा होय. इतरत्र ज्यास जनरल रजिस्टर म्हणतात, त्यास विदर्भात हे नाव आहे. उत्तरेकडील महसुली व्यवहारात जमिनीवरील नावाच्या फेरबदलास हाच शब्द लावतात, ही गोष्ट सूचक आहे. शाळेत मुलाचे नाव दाखल होते आणि कालांतराने खारीज होते. मधल्या काळात तो काय शिकला, ह्याची चौकशी हे पुस्तक करीत नाही. नाव, पित्याचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थान, प्रवेश आणि शाळा सोडण्याचे कारण एवढाच त्याचा विषय. तथापि ह्या रुक्ष पुस्तकाचे महत्त्व काळाबरोबर वाढतच गेले. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीत पूर्वजांच्या शालेय नोंदी पुरावा म्हणून मागितल्या जातात. ज्या कुटुंबाच्या नावावर कधी शेत नव्हते, त्याच्या आजोबांचे नाव कित्येकदा ह्याच पुस्तकात तेवढे आढळते. तेथील एका अक्षराच्या चुकीने नातवाचा हक्क अडू शकतो.

वऱ्हाडापुरती ह्या नोंदींत आणखी एक अडचण आहे. १८५३ च्या तहाने हा प्रदेश निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. १९५० मध्ये तो मध्यप्रदेश राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात गणला जाऊ लागला. १९४९ साली अकोल्यात पहिलीत बसलेला मुलगा १९६० च्या उन्हाळ्यात शाळा सोडीपर्यंत, गाव न सोडता, चार शासनांचा विद्यार्थी झाला. जिल्ह्यांचेही तसेच. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ मध्ये हा जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. ज्या प्रणालीत जिल्ह्याचे नाव केवळ आजच्या यादीतून निवडता येते, तिच्यात ‘वाशीम, जिल्हा अकोला’ ही जुनी नोंद जशीच्या तशी उतरविता येत नाही. आणि पुराव्याच्या दृष्टीने तर ‘जशीच्या तशी’ हेच महत्त्वाचे असते.

दुसरा थर गुणांचा. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदान आणि तपासणी ह्यांची सांगड घातली. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षणाचे फलित आकड्यांत सांगण्याची सवय दृढ केली. आकडा आटोपशीर असतो, आणि मुलास न ओळखणाऱ्या माणसालाही तो वाचता येतो. त्याचे बळ आणि त्याचा दोष दोन्ही ह्यातच आहेत. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये आकड्यांऐवजी श्रेणींचा आणि विद्यार्थ्याच्या संचित नोंदींचा पुरस्कार केला; कोठारी आयोगानेही १९६६ मध्ये संचित नोंदींवर भर दिला. तरीही शाळांच्या व्यवहारात गुणपत्रिकेचे वर्चस्व कायम राहिले.

तिसरा थर अगदी अलीकडचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनाचे ७० टक्के व संकलिताचे ३० टक्के असे प्रमाण ठरले. सातवी-आठवीपर्यंत ते ४० व ६० असे पालटत जाते. श्रेणी अ-१ ते इ-२ अशा नऊ. ९१ ते १०० गुणांस अ-१, ८१ ते ९० गुणांस अ-२. कागदावर ही कोष्टके स्वच्छ दिसतात. परंतु निराळ्या गुणांच्या चाचण्या ह्या प्रमाणात बसविताना अपूर्णांक येतात, आणि ९०.५ गुणांची श्रेणी कोणती, हे कोष्टकावरून कळत नाही. शिक्षक तेथे तारतम्य वापरीत असे; यंत्रास नियम आधीच सांगावा लागतो. गैरहजेरी आणि शून्य ह्यांतील भेदही तसाच. दोहोंची बेरीज एकच होत असली, तरी अर्थ एक नव्हे.

ह्याच पद्धतीत विशेष प्रगती, आवड-छंद आणि आवश्यक सुधारणा ह्यांच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू उत्तम होता. पण लवकरच तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांत फिरू लागल्या आणि प्रणालींनी त्या निवडसूचीत घातल्या. मेळघाटातील कोरकूभाषी मुलास मराठीत क-२ मिळाली, तर ती श्रेणी त्याच्या बुद्धीविषयी फारसे सांगत नाही. तो दुसऱ्या भाषेत शिकत आहे, एवढेच कदाचित सांगते. घरच्या भाषेचा रकाना नसेल, तर हे वाचकास कळावे कसे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्वतः विद्यार्थ्याचे व सहाध्याय्यांचेही मत समाविष्ट करणारे समग्र प्रगतिपत्रक सुचविले आहे. रकाने वाढतील, त्यांत खरे किती लिहिले जाईल, हे वर्गातील संख्येवर आणि शिक्षकाच्या सवडीवर अवलंबून राहील.

ह्या तिन्ही थरांचा एकत्र विचार केला असता एक मुद्दा ठळकपणे पुढे येतो. कागदी व्यवस्थेत दाखल-खारीज पुस्तक शाळेच्या कपाटात जतन होई, आणि प्रगतिपुस्तक घरी जाऊन काही वर्षांत झिजून जाई. हक्काची नोंद टिकावी आणि आठ वर्षांच्या मुलाविषयीचा अभिप्राय विसरला जावा, अशी एक विभागणी त्यात कोणी न ठरविताच झालेली होती. संगणकप्रणाली दोन्ही नोंदी एकाच खात्यात आणि सारख्याच टिकाऊपणे ठेवते. सोय मोठी आहे हे मान्य. परंतु तिसरीतील ‘लक्ष लागत नाही’ हा शेरा जन्मतारखेइतकाच चिरंजीव व्हावा, ह्याला आधार काय? संशोधकास असे शेरे हवेहवेसे वाटतील हे उघड आहे. तथापि साधनांची हाव मुलाच्या हितापुढे दुय्यम मानली पाहिजे.

म्हणून नमुना निवडताना छपाईचा देखणेपणा ही शेवटची कसोटी असावी. जुन्या नोंदी शब्दशः राहतात काय, श्रेणीचा नियम पालकास वाचता येतो काय, शिक्षकास स्वतःचे वाक्य लिहिण्यास जागा आहे काय, आणि कोणती नोंद किती काळ टिकावी हे ठरविता येते काय, हे चार प्रश्न आधी विचारावेत. वऱ्हाडात राज्ये आणि जिल्हे पालटले तरी दाखल-खारीज पुस्तक कामास येत राहिले, ते त्यात थोडे पण नेमके लिहिले जात होते म्हणून.