वसईचे व्यापारी संत गोन्सालो गार्सिया



ह्या महोत्सवाच्या स्मरणिकेकरितां कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा ह्या विवंचनेंत मी होतों. विषय मला अकस्मात् मिळाला. आपल्यांतील एक वृद्ध दुकानदार, ज्यांचें नांव येथें छापलेलें त्यांस मुळींच रुचणार नाहीं, एका रविवारीं मिस्सा आटोपल्यावर मजपाशीं आले आणि म्हणाले, "फादर, संतांत राजे झाले, राण्या झाल्या, मेंढपाळ झाले, शेतकरी झाले. तागडी धरणारा कोणी झाला कीं नाहीं? मीं चाळीस वर्षें हळद-मिरची तोलली. मी कोणाकडे पाहावें?"

मीं घाईनें उत्तर दिलें, "संत मत्तय होते कीं! ते जकातदार होते." त्यावर ते हंसून म्हणाले, "फादर, जकातदार आमच्यांतला नव्हे. तो आमच्याकडून घेणारा!"

उत्तर बिनतोड होतें. मी निरुत्तर होऊन घरीं आलों. वास्तविक लाज मला ह्याची वाटली कीं, ज्याचें नांव मीं तत्काळ सांगावयास पाहिजे होतें, तो पुरुष आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मला होता. सातारा-सांगलीकडील आपली मंडळी वेलांकण्णीस जाते, गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाते. परंतु वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे पूर्वायुष्यांत व्यापारी होते, हें आपल्यांतील किती जणांस ठाऊक आहे?

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्यानें तहान्वयें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनीं, म्हणजे १५५६ च्या सुमारास, गोन्सालो ह्यांचा तेथें जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्या देशची. तेव्हां आईच्या मांडीवर त्यांनीं जी बोली ऐकली, ती आपल्या मराठीची सख्खी बहीण असावी, असें मानण्यास कांहीं हरकत दिसत नाहीं. शिक्षण वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ झालें, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याच संगतीनें हा मुलगा जपानास गेला. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं प्रथम कागोशिमा बंदरांत उतरले होते. त्यांनीं पेरलेलें बीज तेव्हां जोमानें वाढत होतें.

गोन्सालो ह्यांनीं जपानी भाषा अशी आत्मसात् केली कीं, स्थानिक लोक त्यांचें बोलणें आवडीनें ऐकत. सुमारें आठ वर्षें ते धर्मगुरूंचे सोबती व धर्मोपदेशक म्हणून झटले. मनांत एकच आस होती: येशूसंघांत आपणांस घ्यावें. ती आस सफळ झाली नाहीं. त्यांनीं विनंती केली, वाट पाहिली, आणि नकारच पदरीं आला. त्या काळीं ह्या देशांत जन्मलेल्यांस अथवा मिश्र कुळांतील तरुणांस संघांत घेण्यास वरिष्ठ फार नाखूष असत. केरळांतील पेद्रो लुईस नांवाच्या ब्राह्मण तरुणास १५६१ सालीं प्रवेश मिळाला खरा, परंतु त्यानंतर ती वाट पुष्कळ काळ बंदच राहिली. गोन्सालो ह्यांच्या नकाराचें मूळ ह्यांतच असावें, असा कित्येक इतिहासकारांचा तर्क आहे. मी स्वतः धर्मगुरु आहें. म्हणून हें लिहितांना लेखणी जड होते. तथापि जें घडलें तें झांकून ठेविल्यानें ख्रिस्तसभेची शोभा वाढत नाहीं.

असो. नकार मिळालेला मनुष्य दोन गोष्टी करतो: कडवट होतो, किंवा कामास लागतो. गोन्सालो ह्यांनीं व्यापार मांडला.

तो काळ व्यापारास मोठा अनुकूल होता. नागासाकीचें बंदर १५७१ सालीं पोर्तुगीज जहाजांस खुलें झालें होतें. मकावहून चिनी रेशीम जपानांत जाई आणि त्याच्या मोबदल्यांत जपानी रुपें बाहेर येई. भाषा जाणणारा, दोन्ही बाजूंच्या रीतिभाती ओळखणारा आणि शब्दाचा पक्का असा मनुष्य ह्या देवघेवींत सोन्यासारखा. गोन्सालो ह्यांचा धंदा पाहतां पाहतां वाढला. निरनिराळ्या ठिकाणीं त्याच्या शाखा निघाल्या.

येथें क्षणभर थांबून मला एक कबुली द्यावयाची आहे. सेमिनरींत असतां हें चरित्र मीं प्रथम वाचलें, तेव्हां व्यापाराचीं हीं वर्षें मीं भरभर उलटलीं. मला वाटे, हा केवळ मधला खोळंबा. खरें चरित्र आधींचें आणि नंतरचें. आज पन्नाशी उलटल्यावर, व इतकीं वर्षें बाजारपेठेच्या गांवांत काढल्यावर, माझें मत बदललें आहे. सांगलीची हळदीची पेठ आपण सर्वांनीं पाहिली आहे. हरिपूरच्या पेवांत साठविलेली हळद व्यापारी केवळ विश्वासावर घेत-देत. २००५ च्या महापुरांत त्यांतील पुष्कळ पेवें नष्ट झालीं, परंतु त्या पेवांची गोष्ट सांगतांना जुने लोक पेवापेक्षां शब्दालाच अधिक मान देतात. ज्यास रोज दहा अनोळखी माणसांशीं बोलावें लागतें, राग गिळावा लागतो, उधारी मागतांना माणूस न तोडण्याची कला साधावी लागते, त्याची ती साधना सेमिनरीहून सोपी नव्हे. दुकानानें गोन्सालो ह्यांस जें शिकविलें, तें पुढें राजदरबारांत कामीं आलें.

धंदा भरभराटीस असतांच त्यांनीं तो सोडला. मनिला येथें अनवाणी चालणाऱ्या फ्रान्सिस्कन बंधूंशीं त्यांचा स्नेह जडला आणि १५८८ च्या सुमारास त्यांच्या संघांत ते साधे बंधु म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपदाचा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. ज्या दारावर तरुणपणीं थाप मारली तें उघडलें नाहीं. दुसरें उघडलें, तेव्हां ते वांकून आंत गेले.

जपानांत त्या वेळीं तोयोतोमी हिदेयोशी ह्याची सत्ता होती. १५८७ सालींच त्यानें परदेशी धर्मगुरूंस देश सोडण्याचें फर्मान काढलें होतें, परंतु तें कसोशीनें अमलांत आलें नव्हतें. फिलिपाइन्स बेटांनीं आपलें मांडलिकत्व पत्करावें, असा निरोप त्यानें धाडला, तेव्हां मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून पाठविलें. दुभाषी कोण? आपले वसईकर. १५९३ सालीं हे गरीब वस्त्रांतील बंधु त्या उग्र सत्ताधीशापुढें उभे राहिले. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर प्राणावर बेतलें असतें. परिणाम असा झाला कीं, त्यांस क्योतो शहरांत राहण्याची परवानगी मिळाली. तेथें त्यांनीं देऊळ उभारलें आणि महारोग्यांकरितां इस्पितळें काढलीं. जखमा धुण्याच्या कामांत गोन्सालो ह्यांचे हात इतरांच्या बरोबरीनें राबत.

हीं शांततेचीं वर्षें तीनच टिकलीं. १५९६ च्या ऑक्टोबरांत 'सान फेलिपे' नांवाचें स्पॅनिश गलबत मालानें भरलेलें असतां तोसाच्या किनाऱ्यास लागून फुटलें. माल जप्त झाला. त्यावरून बोलाचाली झाली. मिशनरी हे स्पेनच्या फौजेचे अग्रदूत आहेत, असा संशय बळावला. डिसेंबरांत धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारींत क्योतो येथें कैद्यांचे डावे कान कापण्यांत आले आणि ऐन हिंवाळ्यांत त्यांस गांवोगांव मिरवीत नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. प्रवासास सुमारें एक महिना लागला. निघतांना चोवीस होते. वाटेंत दोघांची भर पडून सव्वीस झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेंकडीवर त्यांस क्रूसांस बांधून भाल्यांनीं भोंसकण्यांत आलें. गोन्सालो ह्यांचें वय तेव्हां चाळिशीच्या घरांत होतें.

त्या सव्विसांत फ्रान्सिस्कन सहा, येशूसंघाचे तीन आणि उरलेले सतरा साधे प्रापंचिक ख्रिस्ती होते. हे सतरा कोण, हें आपल्या मंडळींनीं नीट ऐकावें. त्यांत एक तरवारींस धार लावणारा होता, एक धनुष्यें करणारा होता, एक सुतार होता, एक स्वयंपाकी होता. आणि तोमास नांवाचा औषधें विकणारा दुकानदार होता. हा तोमास मोठा तापट म्हणून प्रसिद्ध होता. बाप्तिस्म्यानंतर तो निवळला आणि धर्मोपदेशकाचें काम करूं लागला. धनुष्यें करणाऱ्याबरोबर त्याचा कोवळ्या वयाचा मुलगाही होता. त्या मुलानें वाटेंत आईस लिहिलेलें पत्र पुढें बापाच्या रक्तानें माखलेल्या वस्त्रांत सांपडलें. ह्या पत्राविषयीं मीं प्रवचनांत दोनदां बोलण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वेळां मला तें पुरें करतां आलें नाहीं.

पोप आठवे अर्बन ह्यांनीं १६२७ सालीं गोन्सालो ह्यांस धन्यपदास चढविलें. पोप नववे पायस ह्यांनीं ८ जून १८६२ रोजीं सर्व सव्वीस जणांस संत म्हणून जाहीर केलें. मधल्या काळांत वसईवरून पुष्कळ पाणी वाहून गेलें होतें. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं किल्ला सर केला, पोर्तुगीज निघून गेले, देवळें ओस पडलीं. परंतु लोक राहिले आणि त्यांची श्रद्धाही राहिली. आज त्या किल्ल्यांतील एका जुन्या देवळास लोक गोन्सालो गार्सियांच्याच नांवानें ओळखतात. वसईजवळच्या गास गांवचें देऊळही त्यांच्याच नांवाचें आहे.

ही सारी हकीकत मीं त्या वृद्ध दुकानदारांस त्यांच्याच दुकानीं बसून सांगितली. मधून मधून गिऱ्हाईक येई. ते उठत, तोलत, पैसे घेत, आणि पुन्हां येऊन बसत. शेवटीं ते इतकेंच म्हणाले, "म्हणजे त्यांना पहिल्यांदा नाहीं म्हणाले होते तर!" स्वतः त्यांस तरुणपणीं धर्मगुरु व्हावयाचें होतें, आणि घरच्या कर्जापायीं दुकानाच्या गादीवर बसावें लागलें, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें.

पुढच्या फेब्रुवारींत ते वसईस जाऊन आले. तीन दिवस दुकानाच्या फळ्या लावलेल्या पाहून गिऱ्हाइकें माझ्याकडे चौकशीस आलीं होतीं.