ड्रॉपबॉक्स आणि एन्व्हॉय यांची तुलना

ड्रॉपबॉक्स ही वापरकर्त्यांच्या फाइली दूरस्थ सर्व्हरवर साठवून त्यांच्या सर्व उपकरणांवर एकसारख्या ठेवणारी व्यापारी क्लाउड सेवा आहे. एन्व्हॉय ही संगणक-जाळ्यातील विनंत्या योग्य सर्व्हरपर्यंत पोहोचवणारी मुक्तस्रोत प्रॉक्सी आज्ञावली आहे. दोन्ही अमेरिकेतील असून दोन्हींमधून विदा ये-जा करतो, त्यामुळे नवख्या अभ्यासकाकडून त्या एकाच वर्गात घातल्या जाण्याचा संभव असतो. वस्तुतः पहिलीचे काम जतन करण्याचे, तर दुसरीचे वाहून नेण्याचे आहे. म्हणून ‘दोहोंपैकी कोणती चांगली?’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. मात्र विदा कोणाच्या ताब्यात राहतो, तो कोणाला वाचता येतो आणि बिघाड झाल्यास नेमके काय गमावले जाते, हे प्रश्न दोहोंनाही विचारता येतात.

उगम

ड्रॉपबॉक्सची स्थापना ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी २००७ मध्ये केली. सप्टेंबर २००८ मध्ये ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि मार्च २०१८ मध्ये कंपनीचे समभाग नॅसडॅक बाजारात आले.

एन्व्हॉयचा जन्म लिफ्ट या प्रवासी वाहतूक कंपनीत झाला. एका मोठ्या आज्ञावलीचे अनेक लहान सेवांमध्ये विभाजन केल्यावर, विलंब नेमका कोणत्या सेवेमुळे होतो हे शोधणे तेथील अभियंत्यांना अवघड जाऊ लागले. यावर उपाय म्हणून मॅट क्लाइन यांच्या पुढाकाराने सी++ भाषेत ही प्रॉक्सी लिहिण्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये तिचा स्रोत खुला करण्यात आला. २०१७ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेने हा प्रकल्प स्वीकारला.

एन्व्हॉय या इंग्रजी शब्दाचा अर्थ दूत असा आहे. महाविद्यालयात गैरहजर मित्राची हजेरी परस्पर लावण्यास विद्यार्थी ‘प्रॉक्सी मारणे’ म्हणतात. संगणकशास्त्रातील अर्थही ‘दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा’ असाच आहे, फक्त येथे लबाडी अभिप्रेत नाही. स्क्विडसारखी प्रॉक्सी प्रामुख्याने ग्राहकाच्या वतीने महाजालावर विनंती करते. एन्व्हॉय बहुधा सर्व्हरच्या बाजूने उभी असते.

कार्यपद्धती

ड्रॉपबॉक्स फाइलीचे जास्तीत जास्त ४ मेगाबाइटचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याची ओळख त्याच्या मजकुरावरून काढलेल्या अंकीय ठशाने ठरवते. मोठ्या फाइलीत थोडाच बदल झाला, तर बदललेले तुकडे तेवढे पाठवले जातात. कोणते तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे, याची नोंद स्वतंत्रपणे ठेवली जाते. आरंभी हे तुकडे ॲमेझॉनच्या साठवण सेवेवर असत. ‘मॅजिक पॉकेट’ ही स्वतःची साठवण यंत्रणा उभारून बहुतांश विदा तिकडे हलवल्याचे कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केले.

एन्व्हॉयमध्ये असे कोणतेही कोठार नसते. आलेली विनंती वाचणे, ती कोणत्या सेवेसाठी आहे हे ठरवणे, त्या सेवेच्या चालू स्थितीतील सर्व्हरांमध्ये भार वाटणे, उत्तर न आल्यास पुन्हा प्रयत्न करणे आणि या सर्वांची मोजमापे नोंदवणे, हे तिचे काम. प्रत्येक सेवेच्या शेजारी एक एन्व्हॉय बसवण्याची पद्धत विशेष रूढ आहे. इस्टिओ ही यंत्रणा अशाच रचनेतून प्रसिद्ध झाली. मार्गांची माहिती चालू असतानाच बदलता येते, त्यासाठी प्रॉक्सी बंद करावी लागत नाही.

बिघाड आणि हानी

एन्व्हॉय बंद पडली तर मार्ग खुंटतो, परंतु मागील सर्व्हरवरील विदा सुरक्षित राहतो आणि प्रॉक्सी पुन्हा सुरू होताच काम पूर्ववत चालते. ड्रॉपबॉक्सच्या बाबतीत स्थिती उलट आहे. सेवा काही काळ बंद राहिली, तरी संगणकावर उतरवलेल्या प्रती हाताशी असतात. मात्र एका उपकरणावर चुकून पुसलेली फाइल इतर उपकरणांवरूनही नाहीशी होते, कारण सर्वत्र एकसारखी स्थिती ठेवणे हाच सेवेचा हेतू आहे. मोफत खात्यातील पुसलेली फाइल ३० दिवसांपर्यंत परत मिळवता येते. त्यामुळे अशा सेवेला राखीव प्रत समजणे धोक्याचे आहे. शोधनिबंधाची एकमेव प्रत तेथे ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

गोपनीयता

ड्रॉपबॉक्स साठवलेला विदा कूटबद्ध करते, परंतु सर्वसाधारण खात्यांच्या किल्ल्या कंपनीकडेच असतात. २०१२ मध्ये चोरीस गेलेले सुमारे ६.८ कोटी खात्यांचे ईमेल पत्ते व कूटरूपातील पासवर्ड २०१६ मध्ये उघडकीस आले. एका कर्मचाऱ्याने तोच पासवर्ड अन्यत्रही वापरला होता, हे या चोरीचे मूळ होते.

प्रॉक्सी काही साठवत नाही, म्हणून ती काही पाहत नाही, असे मात्र नव्हे. कूटबद्ध जोडणी एन्व्हॉयवर संपवली असेल, तर त्या ठिकाणी मजकूर उघडा होतो. नोंदींमध्ये काय लिहून ठेवायचे, हे ती चालवणाऱ्याच्या हाती असते.

परवाना

एन्व्हॉय अपाचे २.० परवान्याखाली उपलब्ध आहे, त्यामुळे तिचा स्रोत कोणालाही तपासता, बदलता व वापरता येतो. लिफ्टने उद्या तिच्यातून अंग काढून घेतले, तरी इतरांना ती पुढे चालवता येईल. ड्रॉपबॉक्सच्या सेवेचे नियम कंपनी ठरवते. मार्च २०१९ पासून मोफत खाते तीनच उपकरणांना जोडण्याची मर्यादा तिने घातली. तथापि मुक्तस्रोत म्हणजे बिनखर्ची नव्हे. एन्व्हॉयची मांडणी क्लिष्ट असून ती सांभाळण्यास जाणकार मनुष्यबळ लागते, तर ड्रॉपबॉक्सचे २ गिगाबाइटचे मोफत खाते कोणालाही काही मिनिटांत उघडता येते.

एकत्र वापर

आपल्या सर्व्हरांसमोरील एनजिनएक्स प्रॉक्सी बदलून तेथे एन्व्हॉय बसवत असल्याचे विवेचन ड्रॉपबॉक्सच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. अंतर्गत सेवांच्या संवादासाठी वापरल्या जाणाऱ्या जीआरपीसी पद्धतीला असलेला आधार आणि वाहतुकीची सविस्तर मोजमापे ही त्यामागील कारणांपैकी होती. अशा रचनेत वापरकर्त्याची जोडणी प्रथम एन्व्हॉय स्वीकारते, आणि तिच्या मागे असलेल्या सेवा फाइलीचे तुकडे साठवणीपर्यंत नेतात.