चित्रफितीतील डाग : संकलनातील उपाय आणि मर्यादा

कॅमेऱ्याच्या भिंगावर बसलेला धूलिकण किंवा वाळलेला थेंब चित्रफितीत डाग होऊन उमटतो. संकलनाच्या वेळी तो काढता येतो. मात्र डागाखाली झाकलेले दृश्य अन्यत्र उपलब्ध आहे की नाही, यावर दुरुस्तीची सत्यता अवलंबून असते.

इंदूरच्या रंगपंचमीची ‘गेर’ हे याचे बोलके उदाहरण. होळकरकालीन परंपरा सांगणारी ही मिरवणूक राजवाड्याच्या परिसरातून जाते, तेव्हा यंत्रांनी उडवलेला गुलाल आणि रंगीत पाणी इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचते. अशा गर्दीत भिंग स्वच्छ राहणे कठीण. गोव्याच्या शिमगोत्सवातील छायाचित्रकारांनाही गुलालाचा हा अनुभव नवा नाही.

दृश्य हलते, परंतु डाग चौकटीतील आपली जागा सोडत नाही. त्यामुळे भारतात रूढ असलेल्या सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने १० सेकंदांत २५० फ्रेम होत असल्या, तरी डागाभोवती एकदाच आखलेला मुखवटा सर्वांना पुरतो. हे काम हादरे घालवणाऱ्या ‘स्टॅबिलायझेशन’पूर्वी करावे, त्या प्रक्रियेनंतर डागच चौकटीत हलू लागतो.

डाग पारभासक असल्यास मूळ दृश्य पूर्णपणे हरवलेले नसते. मुखवट्याच्या कडा मऊ करून तेवढ्या भागाचा उजेड, रंग आणि गडद-फिकेपणा सुधारला की पुरे. डाग अपारदर्शक असून कॅमेरा फिरत असल्यास झाकलेला भाग मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये उघडा सापडतो व तेथून घेता येतो. कॅमेरा स्थिर असल्यास डाग पडण्यापूर्वीची स्वच्छ फ्रेम भिंती, कमानी यांसारख्या अचल भागासाठी उपयोगी पडते. आकाश किंवा एकरंगी भिंत असेल, तर शेजारचा तुकडा चालतो. ‘दा विंची रिझॉल्व्ह’मधील ‘पॅच रिप्लेसर’ याच कामासाठी आहे. ‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये २०१९ पासून उपलब्ध असलेली ‘कंटेंट-अवेअर फिल’ सुविधा इतर फ्रेमचा आधार घेऊन मोकळी जागा भरते.

खरी अडचण गर्दीतील चेहऱ्यावर सतत राहिलेल्या डागाची. तेथे संगणकाने भरलेला चेहरा हा केवळ अंदाज असतो. विवाहाच्या चित्रफितीत तो एखादे वेळी खपून जाईल. बातमीत किंवा पुराव्याच्या चित्रणात मात्र तो घडलेल्या प्रसंगाची नोंद ठरत नाही. तेथे दुसऱ्या कॅमेऱ्याचे दृश्य वापरावे, अन्यथा डाग तसाच ठेवावा. दुरुस्ती कोणतीही असो, मूळ फाइल अबाधित जपणे आवश्यक आहे.