रघुजींची तलवार

आमचे कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती रस्त्यावरचे गाव. नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती ४७.१५ लाख रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पाते युरोपी, त्यावरचे नाव मात्र देवनागरीत, सोन्याने कोरलेले.

आमच्या उर्दू शाळेतल्या एका मुलाने विचारले, "आपलीच चीज, मग पैसे कशाचे?"

१८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीला आणि जवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले. म्हणजे लुटीच्याही पावत्या फाटतात, हे आम्ही त्याला सांगितले. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा टिपू सुलतानचा लाकडी वाघ इंग्रजांनी नेला. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयाने २०२४ मध्ये वाघनखे महाराष्ट्राला दिली, पण तीन वर्षांच्या उसनवारीवर.

अर्थात याच रघुजींच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगाल लुटला होता. तिथला मुलगा आम्हालाही सवाल करू शकतो, हे कबूल. तरी टिपूचा वाघ परत यावा असेच आम्ही म्हणू. विकत नव्हे, उसनाही नव्हे.