रेषेबाहेरचा दम

तिकीट लोणावळ्याचंच काढा, फक्त खिडकीवर साल 1924 सांगा.

बोरघाटात अजून विजेचं इंजिन आलेलं नाही. खंडाळ्याच्या खाली गाडी थांबते, इंजिन सुटून मागच्या टोकाला लागतं आणि जिथं शेपूट होती तिथूनच गाडी पुन्हा चढू लागते. त्या चढावर इंजिनाला अशी धाप लागते की तुम्ही नकळत स्वतःचा श्वास मोजू लागता. मोजत राहा. आजच्या प्रवासात तेवढंच सामान लागणार आहे.

लोणावळ्यात याच वर्षी कैवल्यधाम उभं राहिलंय. काढणारे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. मूळचा हा माणूस तालमीतला, बडोद्याला माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत घडलेला. म्हणूनच की काय, श्वास कोंडणं हे त्यांना गुहेतलं गूढ वाटत नाही, मोजून बघायची गोष्ट वाटते. बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौलीची क्ष-किरण तपासणी त्यांनी आधीच करून घेतली आहे. त्याचे लेख ‘योगमीमांसा’ या त्यांच्या नव्या त्रैमासिकात छापायला घेतलेत.

तिथून मळवलीच्या बाजूला चालत निघा. कार्ल्याच्या डोंगराखाली भात कापून झालाय आणि मोकळ्या खाचरात पोरं हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, खेळतायत. नियम कोणते? ज्याचा आवाज मोठा, त्याचे. कुठं ‘संजीवनी’, म्हणजे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होणार. कुठं ‘गॅमिनी’, एकदा बाद तो बादच. कुठं ‘अमर’, बाद होऊनही गडी आतच. समोरचा अख्खा संघ बाद केला की ‘लोण’ चढतं. लोणावळ्याच्या नावाशी या शब्दाचा संबंध नाही, तरी इथं उभं राहून तो ऐकताना कान टवकारतातच. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं गेल्याच वर्षी नियम छापून स्पर्धा घेतली, पण ते पुस्तक या बांधापर्यंत पोचलेलं नाही.

आणि मुली? त्या बांधावर आहेत, डोक्यावर भारे घेऊन. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा व्हायला अजून तीसेक वर्षं आहेत.

ती तीस वर्षं आणि वर आणखी तीस ओलांडून नाशिकला या. पहाटे मैदानावर पाणी मारलंय, माती बसलीय, फक्कीच्या रेषा ओल्या मातीवर उठून दिसतायत. शैलजा जैन नावाच्या एके काळच्या खेळाडू आता सरकारी कबड्डी प्रशिक्षक म्हणून मुलींना शिकवतात. सोपं वाटतं, पण अर्धा तास थांबून बघा. दम मध्यरेषेच्या अलीकडेच सुरू झाला पाहिजे आणि घरी परत येईपर्यंत तो तुटता कामा नये. ऐकू न येणारा दम पंच मानत नाही. मुलीला सगळ्यात कठीण काय जात असेल तर हेच, चारचौघांत मोठ्यानं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणं. घरी आवाज खाली ठेवायला शिकलेली पोर इथं आधी गळा मोकळा करायला शिकते, घोटा धरणं त्यानंतर. अशा कामाची बातमी होत नाही. वर्षं मात्र निघून जातात.

मध्येच एक लांबचा वळसा घेऊ. 7 एप्रिल 2024, अमेरिकेतलं क्लीव्हलंड. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलची अंतिम लढत. साउथ कॅरोलायनानं आयोवाला 87–75 असं हरवलंय आणि मोसमात 38 पैकी 38 सामने जिंकलेत. रेषेलगत डॉन स्टॅली उभ्या आहेत. खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, आणि 2008 पासून याच विद्यापीठाच्या संघाच्या गुरू. तिथं निवृत्त खेळाडूनं कॉलेजच्या मुलींना शिकवणं हा एक मानाचा, भरल्या प्रेक्षागृहातला पेशा आहे. नाशिकच्या त्या पहाटेच्या मैदानाभोवती कट्टासुद्धा नव्हता. तुलना पुरे, निघू या.

2017. शैलजाबाई इराणला गेल्यात, तिथल्या महिला संघाला शिकवायला. डोक्यावर रुमाल, ताटात शाकाहार, जिभेवर हळूहळू बसणारी फारशी. फारशीत बाईंना ‘खानूम’ म्हणतात. मुली ताकदीच्या, कुस्तीच्या देशातल्या. उणीव असेल तर धीराची. त्यांच्या सरावात बाई योगासनं आणि प्राणायाम आणतात. तुम्हाला लोणावळा आठवतो ना? घाटातल्या इंजिनाची ती धाप इथवर येऊन पोचलीय. पण चमत्कार होत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये इराणमध्येच, गोरगानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा होते, आणि महिलांच्या अंतिम सामन्यात भारतासमोर दक्षिण कोरिया असतो. यजमान मुली बाहेर बसून बघतात.

आता जकार्ता. 24 ऑगस्ट 2018, गरुडा थिएटर. खुर्ची घट्ट धरा.

महिला कबड्डी आशियाई खेळांत 2010 मध्ये आली, तेव्हापासून सुवर्ण भारताचंच. 2014 च्या अंतिम सामन्यात याच इराणला आपण 31–21 हरवलंय. मात्र कालच इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत 27–18 असं बाहेर काढलंय आणि सभागृहाच्या हवेत ते अजून आहे. भारताच्या बाजूला आपल्या सोनाली शिंगटे, सायली केरिपाळे. इराणच्या बाजूला आपल्या शैलजाबाई.

तुम्ही कुठं बसता? लगेच उत्तर देऊ नका.

मध्यंतराला भारत 13–11 पुढं. तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता, आणि तोच चुकतो. दुसऱ्या डावात इराणच्या मुली घाई करत नाहीत. तीस सेकंदांची चढाई त्या शेवटच्या सेकंदापर्यंत ताणतात, रिकाम्या हातानं परत यायला लाजत नाहीत आणि बचावात साखळी सोडत नाहीत. शिकवलेलं दिसतं ते असं. भारताच्या चढाया मात्र एकेक करून घाईच्या होऊ लागतात. शेवटच्या मिनिटांत गुणफलकाकडे बघायचं की रेषेबाहेर बसलेल्या बाईंकडे, हे तुम्हाला ठरवता येत नाही.

27–24. सुवर्ण इराणचं.

काही लोक त्यांना म्हणतील, आपल्याच देशाविरुद्ध? मला हा प्रश्न पोरकट वाटतो. कुणी घरचं काही विकून खाल्लेलं नव्हतं. ज्या मातीनं शिकवलं, तेच पुढं शिकवलं. ज्यांनी बोलावलं, त्यांच्याकडे शिकवलं. विचारायचंच तर असं विचारा, की इतकी वर्षं शिकवलेली बाई भारताच्या बाकावर का नव्हती. पदकं मुलींच्या गळ्यात पडतात. आशियाई खेळांत प्रशिक्षकाला पदक देत नाहीत.

परतीची गाडी तुम्हाला आजच्या मळवलीला सोडते. फलाटावर खांद्याला बॅगा लावलेल्या, गुडघ्यांवर पट्ट्या बांधलेल्या मुली भेटल्या, तर निकाल विचाराच. पण सोबत त्यांना शिकवणाऱ्या बाईंचं नावही विचारून घ्या.